पडद्यामागची पाचवी

माझं माहेर मौद्याकडचं, मॅडम. नागपुरातून भंडाऱ्याच्या रोडनं निघालं का मौद्याच्या अलीकडे एक रस्ता फुटते, त्या रस्त्यानं आत गेलं का आमचं गाव. गाव म्हणा का कसबा म्हणा, आठवडी बाजार भरे, एक पोलीस चौकी होती, एक आटाचक्की होती, अन् आमच्या कोष्टीपुऱ्यात घरोघरी माग होते. सकाळी उठलं का कोंबड्याच्या आधी मागाचा आवाज, खट खट, खट खट. माझा बाबा नऊवारी लुगडी विणे. घरातच खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बाबा मागावर बसला, बाजूले माय चरख्यावर सुताच्या कांड्या भरून राहिली, अन् तिच्या बाजूले मी. माय म्हणे, हिले चालता येत नव्हतं तेव्हापासून कांड्या भरता येतात. भावंडांत मी सगळ्यात लाजरी. पाहुणा आला का मी ज्वारीच्या कोठीमागे. पाहुणा गेला, त्याचा चहाचा कप विसळून ठेवला, मंग मी बाहेर. अजून तशीच आहे ना मी, तुमच्या घरी कामाले यायचं तं फाटकापाशी उभी राहते, तुमी पाहिलं का आत येते. पाहता ना तुमी.

तुमी शाळेचं विचारलं होतं अन् मी मागाचं सांगून राहिली. पण काय सांगू तुमाले, आमची शाळा मागावरूनच सुरू होते. सरकारी शाळा होती गावात, नाही असं नाही, पण नाल्यापलीकडे. पावसाळ्यात नाला भरला का शाळा बंद, अन् नाला उतरला का मास्तर बिमार. पोट्टे जात कधीमधी, पोट्ट्या कोणी पाठवत नव्हतं. तेव्हा मी असन सात-आठ वर्षांची. गावात थोडी ख्रिस्ती घरं होती, कोणी रस्त्याच्या कामावर आलेलं, कोणी दवाखान्यात कंपाउंडर. त्यांच्यासाठी नागपूरवरून एक फादर येत. आधी मौद्यापर्यंत मोटारीनं, मंग सायकलनं. परदेशातले, गोरेपान, उन्हानं नाक सोललेलं, पण मराठी बोलत आमच्यापेक्षा साफ. आधी चिंचेखाली त्यांची मिस्सा होये, म्हणजे त्यांची पूजा, प्रार्थना. मंग त्याच चिंचेच्या बाजूले त्यांनी कवेलूच्या छपराचा एक लांब हॉल बांधला. एकच हॉल. इतवारी तो चर्च, अन् सोमवारपासून शाळा.

आता चर्च म्हटलं का देवाची जागा आली. हॉलच्या एका टोकाले त्यांची वेदी, म्हणजे एक उंच टेबल, त्याच्यावर क्रूस, मेणबत्त्या. तिथं पोट्टे खडू घेऊन धिंगाणा करतीन तं कसं चालन. म्हणून फादर म्हणे, वेदीच्या समोर पडदा पाहिजे, आठवडाभर बंद, इतवारी उघडा. अन् पडदा विणून घ्यायले ते आमच्या घरी आले. मी अर्थातच कोठीमागे. तिथूनच ऐकलं सगळं. फादर म्हणे, धोंडबाजी, पांढरा कपडा पाहिजे, जाड, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुरन असा, पट्टे जोडून द्या. बाबा म्हणे, देतो, काठ कोणता घालू. फादर म्हणे, काठ नको, कोरा पांढरा. बाबानं धोटा खाली ठेवला. म्हणे, फादर, बिनकाठाचा कोरा पांढरा आमी एकाच कामाले विणतो, अन् त्याच्यासाठी घरात कोणी मरा लागते. देवापुढे मी मढ्याचा कपडा नाही टांगणार, तुमचा देव असला म्हणून काय झालं. फादर इतके हसले का त्यांच्या नाकाचा सोललेला भागही लाल झाला. म्हणे, आमचा देव मेला होता खरा, धोंडबाजी, पण तिसऱ्या दिवशी उठून बसला. घाला त्याले काठ.

तसा तो पडदा झाला. पांढरा, अन् दोन्ही बाजूले लाल करवतकाठ, करवतीच्या दातांसारखा, आमच्याकडच्या लुगड्याले असते तसा. असा पडदा कोणत्या चर्चात नसन, मॅडम. पहिल्या इतवारी ख्रिस्ती बाया म्हणे पडद्याकडेच पाहत बसल्या, प्रार्थनेत ध्यानच नाही. अन् पडदा नेऊन टांगायले बाबा गेला तेव्हा फादर म्हणे, तुमची पोरगी कोठीमागे राहते ती शाळेत पाठवा. म्हणजे त्यांनी मले पाहिलं होतं. मले वाटे मी कोणाले दिसत नाही.

पडद्याच्या इकडे जेवढा हॉल उरला, त्याले चार कोपरे. चार कोपऱ्यांत चार वर्ग. दाराजवळ पहिली, कारण ते पोट्टे रडत पळून जात तं शाळेतल्या आयाले दारातच पकडता येत. समोरच्या कोपऱ्यात दुसरी. पडद्याजवळ एका बाजूले तिसरी अन् एका बाजूले चौथी. चारीचा आवाज एकमेकांत. पहिलीत बाराखडी चालून राहिली, तिसरीत पाढे, अन् आमी चौथीत कविता म्हणून राहिलो, तरी आमाले आमचंच ऐकू ये, कसं काय ते मले आजही समजत नाही. दुपारी दुधाची पावडर घोळून ॲल्युमिनच्या गिलासात दूध भेटे. त्या दुधाचा वास मले अजून येते कधी कधी, रिकामी बसली असली का.

आमाले शिकवायले सिस्टर लुसी होत्या. केरळाकडच्या, ठेंगण्या, सावळ्या, बाहीत खडू खोचलेला. मराठी त्या आमच्याजवळच शिकल्या, म्हणून आमच्यासारखीच बोलत. काहून उशीर झाला, असं विचारत, अन् मंग शाळा तपासायले येणाऱ्या दिप्टी साहेबासमोर शुद्ध बोलायचं तं अडखळत. घरी मले सगळे वच्छी म्हणत. वच्छे पाणी आण, वच्छे कांड्या भर. सिस्टरनं पहिल्या दिवशी हजेरी घेतली अन् म्हटलं, वत्सला. मी इकडे तिकडे पाहिलं, कोण आहे ही वत्सला म्हणून. बाजूच्या पोट्टीनं चिमटा घेतला, तूच होय वं. तेव्हा मी म्हटलं, हजर. जन्मात पहिल्यांदा मी चार माणसांत तोंड उघडलं.

कोष्टीपुऱ्यात बोलणारे होतेच. आमच्या शेजारी मैनाकाकू होती, ती मायले म्हणे, आता तुमची वच्छी फ्राक घालून मडम होते अन् तुमाले हालेलुया करते. त्या बाटवतीन तिले, पाहून घ्या. बाबा मागावरून म्हणे, वहिनी, तो पडदा मीच विणला, मागे काय आहे मले माहीत आहे. एक टेबल आहे. माझी पोरगी टेबलाले भ्यायची नाही. काकू तोंड वाकडं करून जाये अन् दुसऱ्या दिवशी तिच्याच नातवाले शाळेत टाकायचं म्हणून मायच्या मागे लागे.

अशी मी चौथी पास झाली. अन् तिथंच सगळं अडलं. पाचवी नव्हतीच शाळेत. हॉलले चार कोपरे, चार वर्ग, पाचवीले कोपराच नव्हता. पाचवी मौद्याले. एवढ्या दूर पोरगी कोण पाठवते. बाकीच्या पोट्ट्या घरी बसल्या, कांड्या भरू लागल्या. मीही बसली. पण सकाळी घंटा झाली का माझा हात चरख्यावर थांबून जाये. घंटा म्हणजे रेल्वे रुळाचा तुकडा होता चिंचेले टांगलेला, त्याचा आवाज कोष्टीपुऱ्यापर्यंत ये. माय म्हणे, सूत तुटलं का वं. मी म्हणे, नाही. मंग एक दिवस सिस्टर स्वतः दारात आल्या अन् मायले म्हणे, पाचवी निघन, आज ना उद्या निघनच, तोपर्यंत वत्सला माझ्या वर्गात बसू द्या, शिकलेलं विसरन नाहीतर. माय म्हणे, पुन्हा चौथीतच. सिस्टर म्हणे, पुन्हा चौथीतच.

हसू नका, मॅडम. मी चौथी पुन्हा शिकली, अन् त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. चौथीचं पुस्तक मले असं पाठ झालं का धड्यातलं चित्र कोणत्या पानावर, त्या चित्रातल्या बैलाची शिंगं कोणत्या दिशेले, डोळे मिटून सांगू शकत होती. सगळ्यात मागच्या बाकावर बसायची, नव्या पोट्ट्यांपेक्षा डोक्यानं उंच. नाव काही रजिस्टरात नव्हतं, पास झालेल्या पोट्टीचं नाव कसं राहीन. सिस्टर सगळ्यांची हजेरी घेत, रजिस्टर बंद करत, चष्मा काढत, अन् मंग माझ्याकडे पाहून म्हणत, वत्सला. मी म्हणे, हजर सिस्टर. कुठं लिहिलं जात नव्हतं ते. पण एकही दिवस त्या विसरल्या नाही. बिमार असल्या, आवाज बसला असला, तरी रजिस्टर बंद झाल्यावर माझं नाव घेत. मी त्या एका नावासाठी जात होती म्हणा ना शाळेत.

आता तपासणीचं सांगते. वर्षातून एकदा दिप्टी साहेब तपासणीले ये. रजिस्टर पाहे, पोट्टे मोजे, प्रश्न विचारे. आता रजिस्टरात नाही ती एवढी मोठी पोट्टी वर्गात कशी, असं विचारलं तं सिस्टर काय सांगतीन. म्हणून त्या दिवशी मी शाळेत आली तं सिस्टर म्हणे, वत्सला, आज घरी जा. पण साहेबाची जीप वेळेआधीच आली अन् मी शाळेतच. दारातून जावं तं साहेब दारात. सिस्टरनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, अन् मले हाताले धरून पडद्यामागे लोटलं. चूप राहा, म्हणे, श्वासही घेऊ नको.

पडद्यामागे मी कधी गेली नव्हती. अंधारच होता, मेणाचा वास, अन् खरंच एक टेबल. मी पडद्याले चिकटून उभी. बाबाच्या हातचा कपडा नाकाले लागून राहिला होता, त्याले अजून आमच्या घराचा वास होता, खळीचा. त्यामुळे मले भीती अशी वाटली नाही. साहेबानं पहिली पाहिली, दुसरी पाहिली, तिसरी पाहिली, अन् चौथीसमोर येऊन उभा राहिला, म्हणजे माझ्यापासून हातभरावर. म्हणे, तुमच्या गावाजवळून कोणती नदी वाहते. सगळे पोट्टे ओरडले, कन्हान. ती कुठं जाऊन मिळते. सगळे चूप. कन्हानात रोज डुबक्या मारणारे पोट्टे, पण कोणाले माहीत नाही. आमच्या मैनाकाकूचा नातू म्हणे, साहेब, ती कुठंच जात नाही, इथंच असते. साहेब म्हणे, आठवा, आठवा, पुस्तकात आहे. अन् मले दिसून राहिलं होतं ते पान. मले ते नकाशातलं निळं वळण दिसून राहिलं होतं. मी कोठीमागे लपणारी, पाहुण्यासमोर न येणारी, अन् माझ्या तोंडून निघून गेलं, वैनगंगेले.

सगळा हॉल थंड. पहिलीच्या पोट्ट्यांनीही बाराखडी थांबवली. साहेब म्हणे, कोण बोललं. अन् मैनाकाकूचा तोच नातू, हात जोडून, एकदम म्हणे, साहेब, देव बोलला.

काय सांगू तुमाले, मी तिथं दगड होऊन गेली. साहेब पडद्याकडे आला तं तपासणीसाठी आलेले फादर समोर झाले, म्हणे, साहेब, पलीकडे वेदी आहे, जोडे काढा लागतीन. साहेबाचे फीतवाले जोडे, कोण सोडत बसन. तो पडद्यापाशीच थांबला. त्यानं काठाले हात लावला, पडदा हलला, माझ्या गालाले लागला. म्हणे, हा तर करवतकाठ, तुमच्याकडे देवही लुगडं नेसतो वाटतं. मंग पडद्याकडे तोंड करून म्हणे, देवा, तू कितवीत आहेस. सिस्टर म्हणे, चौथीत. कधीपासून. सिस्टर खाली पाहत म्हणे, तिसऱ्यांदा, सर. आमच्याकडे पाचवी नाही. मले वाटलं आता शाळाच बंद करते हा माणूस. पण तो हसला. म्हणे, फादर, पाचवीले बसायले जागा दाखवा, परवानगीचं मी पाहतो. देवाले चौथीत किती वर्ष ठेवता.

तेव्हा फादरनं ठरवलं का चर्च वेगळं बांधायचं. चर्च वेगळं झालं का वेदी तिकडे जाईन अन् सगळा हॉल शाळेचा होईन. त्यांनी इतवारी मिस्सेत सांगितलं तेव्हा ख्रिस्ती लोक खूश झाले, त्यांचा देव स्वतःच्या घरी जाणार होता. पण सगळ्यात जास्त खूश मी होती. मी कोष्ट्याची पोरगी, घरी आमच्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण, अन् मी बाळकृष्णापुढे हात जोडून म्हणे, देवा, त्यांचं चर्च लवकर होऊ दे.

बांधकाम असं होतं का इतवारची मिस्सा झाली का सगळ्यांनी कामाले लागायचं. कन्हानातून बैलबंडीनं रेती ये, भट्टीवरून विटा येत, माणसं भिंत चढवत, बाया घमेले वाहत. मीही जाये. सिस्टरच्या घरी सयपाक करणारी मार्थाबाई होती, मोठी फटकळ, ती म्हणे, तू काहून मरून राहिली वं इथं, तुझं लग्न थोडी लागणार आहे ह्या चर्चात. मी घमेलं उचलून चालू लागायची. मंग तिनंच एक दिवस विचारलं, पाचवीसाठी ना. मी मान हलवली. त्या दिवसापासून ती माझं घमेलं अर्धंच भरे, अन् कोणी बोललं तं म्हणे, तिचा हात लहान आहे, तुमची जीभ मोठी आहे, तुमी भरा.

पावसाळा आला का काम बंद. ओल्या भिंती उभ्या, त्यांच्यावर हिरवं शेवाळ. मी शाळेतून येता येता भिंतीले पाठ लावून उभी राहायची. आधी भिंत गुडघ्याले होती, मंग कमरेले, मंग खांद्याले. पण मॅडम, मीही वाढून राहिली होती ना. भिंत वाढे अन् मी वाढे. पहिले मायनं माझं परकर-पोलकं काढलं अन् लुगडं दिलं. शाळेत लुगडं नेसून चौथीत बसायची लाज वाटे, तं सिस्टर म्हणे, तू पहिलीच्या पोट्ट्यांजवळ बस, त्यांचे हात धरून गिरवून घे. मी तेही केलं. हजेरी मात्र चौथीच्याच वेळी, रजिस्टर बंद झाल्यावर. कोष्टीपुऱ्यात बाया बाबाले विचारत, पोरगी कधी उजवता. बाबा म्हणे, मागावर चढवलेला हा ताणा विणून संपू द्या. तो ताणा संपे अन् बाबा नवा ताणा लावे. मले समजत होतं तो काय करून राहिला ते. बापानं तोंडानं कधी म्हटलं नाही.

मंग कवेलू चढले, घंटा आली, खरी पितळेची. नाताळाले नव्या चर्चात पहिली मिस्सा झाली. मी बाहेर पायरीपाशी उभी होती. आत सगळे गाऊन राहिले होते, मेणबत्त्या, नवे कपडे, अन् चुन्याचा ओला वास. सिस्टर बाहेर आल्या, थंडीनं शाल गुंडाळलेली, अन् माझ्या कानात म्हणे, वत्सला, परवानगी आली. जूनमध्ये पाचवी. पहिला बाक तुझा. मॅडम, मले आजपर्यंत कोणी इतकं चांगलं काही सांगितलं नाही. लग्न झालं, लेकरं झाली, घर झालं, पण असं कोणी सांगितलं नाही.

संक्रांत झाली अन् उमरेडवरून स्थळ आलं. कोष्ट्याचंच घर, दोन माग, पोरगा निर्व्यसनी, हुंड्याची गोष्ट नाही. लग्न वैशाखात पाहिजे, कारण त्यांची बुढी बिमार होती, तिले नातसून पाहायची होती. असं स्थळ कोण सोडते. बाबाजवळ लावायले आता दुसरा ताणा नव्हता.

सिस्टरले कोणी सांगितलं काय माहीत, मार्थाबाईनंच सांगितलं असन. दुपारच्या उन्हात त्या आमच्या घरी आल्या. मी आतल्या दाराच्या मागे. सिस्टर म्हणे, एक वर्ष थांबा. माय म्हणे, सिस्टर, तुमचं बरं आहे, तुमाले ना सासर ना सून, आमाले जातीत राहा लागते. सिस्टर म्हणे, एकच वर्ष, ती पोट्टी ह्या पाचवीसाठी किती वर्ष बसली ते तुमाले माहीत आहे. माय म्हणे, म्हणूनच म्हणते ना, बसून बसून लग्नाचं वय झालं. अन् मंग बाबानं माग थांबवला. आमच्या घरात माग थांबला का सगळे चूप होत. बाबा म्हणे, वच्छीले विचारू. वच्छे, तू सांग बाप्पा. तुले काय पाहिजे. तू म्हणशीन तं मी उमरेडले नाही कळवतो.

विचारलं हो बाबानं. विचारलं नाही असं मी कधी म्हणणार नाही. किती पोट्ट्यांले विचारत तेव्हा. मी दाराच्या मागे उभी, हात कडीवर. सिस्टर वाट पाहून राहिल्या, बाबा वाट पाहून राहिला. माझ्या तोंडात होतं. अगदी इथं होतं, जिभेच्या टोकावर. पाचवी, एवढंच म्हणायचं होतं. पडद्यामागून साहेबासमोर निघून गेलं, अन् दारामागून बापासमोर नाही निघालं. आमच्यात पोट्टी चूप राहिली म्हणजे हो म्हटली. थोड्या वेळानं बाबानं पुन्हा माग सुरू केला. खट खट. झालं.

सिस्टर जाता जाता आत आल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवला. रागावल्या नाही. म्हणे, वत्सला. मले म्हणायचं होतं, हजर. तेही नाही निघालं.

उमरेडची माणसं चांगली होती, खोटं काहून बोलू. बुढीनं नातसून पाहिली अन् वर्षभर जगली, माझ्याजवळून पोथी वाचून घे. हे तं सोन्यासारखे. पंचमीले माहेरी आली तं माझा लहान भाऊ म्हणे, ताई, पाचवी सुरू झाली, पहिल्या बाकावर सिस्टर कोणाले बसू देत नव्हत्या काही दिवस, मंग बसवलं. मी त्याले म्हटलं, जा, पाणी आण. पुढच्या पंचमीले गेली तं सिस्टर नव्हत्या. त्यांच्यात तसंच असते, वरून हुकूम आला का एक ट्रंक उचलायची अन् जायचं, माणसांले सांगत बसायचं नाही. कुठं गेल्या, कोणी म्हणे आसामाकडे, कोणी म्हणे आपल्या केरळाले. फादरही नंतर म्हातारे होऊन नागपूरले गेले अन् तिथंच वारले.

मंग हातमाग बसले. उमरेडचे दोन्ही माग निघाले, आमी नागपूरले आलो, नंदनवन वस्तीत खोली घेतली, हे कपड्याच्या दुकानात लागले. दिवसभर लोकांले मिलचं कापड मोजून देतात अन् घरी येऊन त्याले नावं ठेवतात. पोरगी माझी दहावी झाली, आता कॉलेजात आहे. ती पाचवीत गेली तेव्हा तिचं पुस्तक मी हातात घेतलं होतं. तिले म्हटलं, तू मोठ्यानं वाच, मी भाकरी करते. सगळं पुस्तक तिनं असं वाचलं. ऐकलं मी. पण ते तिचं होतं.

मागच्या महिन्यात बाबाचं वर्षश्राद्ध होतं म्हणून गावाले गेली होती. भावानं माग काढून खड्डा बुजवला, तिथं आता सोफा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरची मोटार यायले वेळ होता, तं पाय आपोआप चिंचेकडे गेले. शाळा आता दहावीपर्यंत झाली, पक्की इमारत झाली, पोट्टे किती, ओळखीचं कोणीच नाही. पण तो हॉल तसाच आहे. मी दारात उभी राहिली. अन् काय पाहते, पडदा तसाच टांगलेला. पांढरा कुठला आता, पिवळा पडलेला, जागोजागी थिगळं, करवतकाठाचा रंग उडून गुलाबी झालेला, पण एक दात तुटला नाही. एक तरुण सिस्टर आल्या, म्हणे, काकू, कोणाला भेटायचंय. मी म्हटलं, कोणाले नाही, हा पडदा माझ्या बाबानं विणला. त्या म्हणे, हो का, याच्या मागे पाचवीचा वर्ग भरतो, आवाज नको म्हणून फादरनी तेव्हापासूनच ठेवलाय, या ना, बघा.

मी पडद्यामागे गेली, मॅडम. वेदी होती तिथं फळा. अन् जिथं मी त्या दिवशी श्वास धरून उभी होती, तिथं पाचवीचा पहिला बाक. बरोब्बर तिथंच. म्हणजे पाचवी तिथं भरायच्या आधी, वेदी उठायच्या आधी, चर्चाचा पाया खणायच्या आधी, मी तिथं उभी होऊन आली होती. अन् उत्तरही देऊन आली होती. मले माहीतच नव्हतं एवढे दिवस.

सिस्टर म्हणे, बसा थोडं. पहिल्या बाकावरची एक पोट्टी सरकली, दोन वेण्या, लाल रिबिनी, म्हणे, बसा काकू. मी बसली. सिस्टरनं हजेरी घेतली. एकेक नाव, एकेक हजर. किती गोड नावं ठेवतात आता लोक पोट्ट्यांची. देव त्यांचं भलं करो, कोण्या एका पोट्टीचंही शिकणं कोपऱ्यासाठी न अडो. शेवटचं नाव झालं अन् सिस्टरनं रजिस्टर बंद केलं.

अन् मी थांबली. वेडीच म्हणा. रजिस्टर बंद झालं का माझं नाव येते, हे अंगात बसलेलं ना. पोट्ट्यांनी पुस्तकं काढली, सिस्टर फळ्याकडे वळल्या, चिंचेवर पोपट ओरडून राहिले होते. कोणी घेतलं नाही नाव. कोण घेईन.

मंग मीच हळूच म्हटलं, हजर.

बाजूच्या पोट्टीनं माझ्याकडे पाहिलं. म्हणे, काय म्हटलं काकू. मी म्हटलं, काही नाही वं. वाच तू.